ल्योब ते लीव्हाय

जीन पँट माहीत नाही असा विद्यार्थी आज आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. तिच्या कमरेवरच्या चामडी पट्टीवर लीव्हाय स्ट्रॉस हे नाव अनेकांनी वाचले असेल. पण हे नाव धारण करणारा माणूस कोण, कुठला, कोणाचा, हे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतील. त्यात त्यांचा दोष नाही. एवढ्या मोठ्या धनिकाचे पूर्वायुष्य कित्येक वर्षे अंधारातच होते. ते उजेडात आले ते त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या एखाद्या आत्मचरित्रातून नव्हे. गाव सोडून जाणाऱ्या गरिबांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कागदांनी ते उजेडात आणले. लीव्हाय स्ट्रॉसचे चरित्र सांगताना या कागदांचीही कथा सांगावी लागते ती म्हणूनच.

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया नावाचा प्रांत आहे. त्या काळी ते स्वतंत्र राज्य होते. तेथील बांबर्ग शहराजवळच्या बुटेनहाइम या लहानशा गावी २६ फेब्रुवारी १८२९ रोजी एका ज्यू कुटुंबात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव ल्योब. वडील हिर्श स्ट्रॉस फेरीवाले होते. पाठीवर गाठोडे घेऊन खेडोपाडी कापडचोपड विकावे आणि चार पैसे घरी आणावेत, असा त्यांचा व्यवसाय. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर हिर्शने रिबेका हिच्याशी विवाह केला. पहिल्या पत्नीची पाच मुले होती. रिबेकाला फोगेले ही मुलगी आणि ल्योब हा मुलगा झाला. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी, हे वेगळे सांगायला नको.

गरिबी तर होतीच, पण तिच्या जोडीला कायद्याचा जाचही होता. १८१३ च्या बव्हेरियन कायद्याने प्रत्येक गावात ज्यू कुटुंबे किती असावीत हे ठरवून टाकले होते. यादीतील एखादी जागा रिकामी झाल्याखेरीज नव्या कुटुंबास बिऱ्हाड थाटता येत नसे. म्हणजे बापाचे स्थान एका मुलाला मिळाले की बाकीच्यांनी लग्नाची आणि स्वतःच्या संसाराची आशा जवळजवळ सोडूनच द्यायची! हा निर्बंध १८६१ साली उठला. तोवर कितीतरी तरुणांनी अमेरिकेची वाट धरली होती. ल्योबचे सावत्र भाऊ योनाथन आणि लिपमान हेही त्यांपैकीच. ते न्यू यॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी कापडाचा व्यापार सुरू केला.

१८४६ साली हिर्श क्षयाने वारला. पाठीमागे विधवा रिबेका आणि लहान मुले राहिली. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, रिबेकाने गाव सोडण्याची परवानगी मागितली. त्या काळी देश सोडायचा तर सरकारदरबारी रीतसर अर्ज करावा लागे. कोण जाणार, वय काय, का जायचे, तेथे पोट कसे भरणार, मागे कोणाचे देणे तर राहिले नाही ना, अशा सगळ्या चौकशा होत. परवानगी मिळाली आणि ही माउली अठरा वर्षांचा ल्योब व त्याच्या दोन बहिणींना बरोबर घेऊन अटलांटिक महासागर ओलांडण्यास निघाली. तिचे हे अर्जाचे कागद बांबर्गच्या सरकारी दफ्तरखान्यात राहिले. त्यांचे मोल पुढे कळणार होते.

शिडाच्या जहाजाने अमेरिका गाठावयास तेव्हा सहा ते आठ आठवडे लागत, वारा प्रतिकूल असला तर त्याहूनही अधिक. गरीब उतारूंना जागा मिळे ती जहाजाच्या पोटातील दाटीवाटीची. अंधार, दुर्गंधी, आजार हे सोबतीला असतच. अशा उतारूंची गणती ठेवण्यासाठी अमेरिकेने १८१९ साली एक कायदा केला. त्यानुसार प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने बंदरावर उतरताच जकात अधिकाऱ्याकडे उतारूंची यादी द्यावयाची. नाव, वय, स्त्री की पुरुष, व्यवसाय, देश आणि वाटेत कोण मरण पावले, एवढी माहिती त्या यादीत असे. १८२० पासूनच्या या याद्या म्हणजे अमेरिकेतील जर्मन वंशाच्या लोकांना आपले पूर्वज शोधण्याचे मोठे साधन झाले आहे.

पण हे साधन वाटते तितके सोपे नाही. या याद्यांत गावाचे नाव बहुधा नसते. बव्हेरिया, प्रशिया, हेस असे राज्याचे नाव लिहून कारकून मोकळा होई, कारण १८७१ पूर्वी जर्मनी हे एक राष्ट्रच नव्हते. गाव कळायचे तर निघण्याच्या बंदरावरची यादी पाहिली पाहिजे. हांबुर्ग बंदराच्या याद्यांत उतारूचे राहते गाव लिहिलेले असते, आणि १८५० पासून १९३४ पर्यंतच्या त्या याद्या बहुतांशी शाबूत आहेत. ब्रेमन शहरात १८३२ पासून याद्या होत असत, परंतु जागा पुरत नाही म्हणून जुन्या याद्या नष्ट केल्या गेल्या आणि उरलेल्यांपैकी बऱ्याचशा दुसऱ्या महायुद्धात गेल्या. म्हणजे १८४७ साली निघालेल्या माणसाचा माग काढायचा झाला तर हांबुर्गची यादी अजून सुरू व्हायची होती आणि ब्रेमनची आता उरलेली नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो गावचा अर्ज. एका टोकाला गावचे दफ्तर आणि दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील कागद, या दोहोंची गाठ पडली तरच माणूस सापडतो.

आणि नाव? नावाची तर आणखीच गंमत आहे. बंदरावरील गोऱ्या साहेबाने नावे बदलून टाकली, अशी समजूत सर्वत्र आहे. वास्तविक उतरण्याच्या बंदरावरील कारकून जहाजावरून आलेली यादी पुढे ठेवून माणसे मोजत. नावे बदलली ती बहुधा माणसांनी स्वतःच, नव्या देशात रुळताना. न्यू यॉर्कमध्ये भावांच्या दुकानात काम करता करता ल्योबनेही आपले नाव बदलले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना उच्चारता येईल असे लीव्हाय हे नाव त्याने घेतले. फोगेलेची फॅनी झाली, योनाथनचा जोनस झाला आणि लिपमानचा लुई. घराण्याचे नाव तेवढे राहिले. आता ल्योब स्ट्रॉस म्हणून शोधणाऱ्यास लीव्हाय सापडायचा नाही आणि लीव्हाय म्हणून शोधणाऱ्यास बुटेनहाइम सापडायचे नाही!

१८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगातल्या साहसी लोकांची तिकडे रीघ लागली. लीव्हायही निघाला, पण सोने खणायला नव्हे. खाणीत उतरणाऱ्या हजारो माणसांना कपडे लागणार, पांघरुणे लागणार, हे त्याने ओळखले होते. जानेवारी १८५३ मध्ये त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि मार्चमध्ये पनामामार्गे तो सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. तेथे त्याने घाऊक कापडाची पेढी काढली. भाऊ न्यू यॉर्कहून माल पाठवीत, तो पश्चिमेकडील लहानमोठ्या दुकानदारांना विकी. फॅनीचा नवरा डेव्हिड स्टर्न पुढे त्याचा भागीदार झाला. चोख व्यवहारामुळे वीस वर्षांत लीव्हाय शहरातील प्रतिष्ठित व्यापारी म्हणून गणला जाऊ लागला.

ज्या वस्तूने त्याचे नाव अजरामर केले ती कल्पना मात्र त्याची नव्हती. नेव्हाडा राज्यातील रीनो या गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. तोही स्थलांतरितच, रीगा शहरातून आलेला. मजुरांच्या विजारींचे खिसे वारंवार उसवतात म्हणून त्याने ताण पडणाऱ्या जागी तांब्याचे रिव्हेट ठोकले. विजारी हातोहात खपू लागल्या. कोणी तरी ही युक्ती चोरील, ही धास्ती होतीच, पण पेटंटसाठी लागणारे ६८ डॉलर त्या गरीब शिंप्याजवळ नव्हते. १८७२ साली त्याने आपल्या कापडवाल्याला, म्हणजे लीव्हाय स्ट्रॉसला, पत्र लिहून भागीदारीत पेटंट घेण्याचे सुचविले. लीव्हायने होकार दिला. २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे १,३९,१२१ क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि कारखान्याची देखरेख करू लागला. जाड निळ्या डेनिम कापडाची ती विजार खाणकामगार, गुराखी, शेतकरी सर्वांच्या अंगी बसली. जीन हे नाव तिला पुष्कळ नंतर चिकटले. अशा जाड्याभरड्या कपड्यांना इंग्रजीत डंगरी असाही शब्द आहे, आणि त्याचा संबंध आपल्या मुंबईच्या डोंगरीतून परदेशी जाणाऱ्या जाड कापडाशी जोडला जातो. श्रमिकांच्या कपड्यांचे नाते असे दूरदूरचे असते!

लीव्हायने लग्न केले नाही. बहीण, मेहुणा आणि भाचे हाच त्याचा संसार. नोकरांनी आपल्याला मिस्टर स्ट्रॉस न म्हणता नुसते लीव्हाय म्हणावे, असा त्याचा आग्रह असे. अनाथाश्रमांना त्याने सढळ हाताने मदत केली. १८९७ साली त्याने कॅलिफोर्निया विद्यापीठात २८ शिष्यवृत्त्यांची सोय केली. फेरीवाल्याच्या मुलाने, जो स्वतः कधी विद्यापीठात गेला नाही, दुसऱ्यांच्या मुलांसाठी विद्यापीठाचे दार उघडून द्यावे, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या संपत्तीहून मोठी वाटते. २६ सप्टेंबर १९०२ रोजी तो निवर्तला. पेढी चार भाच्यांच्या हाती गेली.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८ एप्रिल १९०६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोला भीषण भूकंप झाला आणि त्यापाठोपाठ आग लागली. बॅटरी स्ट्रीटवरील पेढीची इमारत जळाली. वह्या, पत्रे, हिशेब, सारे भस्मसात झाले. धंदा पुन्हा उभा राहिला, परंतु माणसाची आठवण कागदांबरोबर जळून गेली होती. अशा रिकाम्या जागी दंतकथा वाढायला वेळ लागत नाही. लीव्हाय तंबूचे तपकिरी कापड घेऊन आला, तंबू खपेनात म्हणून त्याने त्याच्या विजारी शिवल्या, ही गोष्ट जगभर पसरली. ती ऐकायला छान आहे, पण खरी नाही. कंपनीच्या इतिहासकार लिन डाउनी यांनी उरल्यासुरल्या कागदांच्या आधारे ती खोडून काढली.

जन्मगावाचेही असेच झाले. १९८३ साली अमेरिकेहून बुटेनहाइमला एक पत्र आले. लीव्हाय स्ट्रॉस आणि या गावाचे नाते हा त्याचा विषय होता. एवढा मोठा माणूस आपल्या गावचा, हे गावालाच ठाऊक नव्हते! जुनी दफ्तरे उघडली गेली आणि विधवा रिबेकाचा अर्ज पुढे आला. त्यात ल्योबचे नाव होते. ज्या घरात तो जन्मला ते १६८७ साली बांधलेले लाकडी चौकटीचे घर गावाने दुरुस्त केले, आणि २००० साली तेथे त्याच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. धनिकाचे सगळे कागद जळाले, आणि त्याची ओळख शेवटी पटली ती एका गरीब बाईने पोरांसाठी केलेल्या अर्जावरून! नियतीचा हा न्याय विलक्षण म्हटला पाहिजे.

मित्रहो, समुद्र ओलांडणाऱ्यांत आपली माणसेही होती. १८३४ नंतर जे करारबद्ध मजूर मॉरिशसला नेण्यात आले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक होते. त्यांचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण अशा नोंदींच्या वह्या तेथील मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आजही जपलेल्या आहेत, आणि नातवंडे-पणतवंडे त्यांवरून कोकणातले मूळ गाव शोधत येतात. त्या वह्या मजुरांच्या प्रेमाने कोणी लिहिल्या नव्हत्या. मोजदाद करावी, पळाला तर पकडता यावे, एवढाच हेतू. तरीही आज त्याच वह्या नातवाला आजा दाखवितात.

मग जे कुठेच गेले नाहीत, गावातच राबले आणि गावातच संपले, त्यांचे काय? माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पणजोबांचे नाव शोधू गेले तर ते सापडते फक्त जुन्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, तेही इतर हक्कांच्या रकान्यात. ते कसे होते, कोठून आले, कोणत्या दुष्काळात काय खाऊन जगले, हे सांगणारी आजी आहे तोवरच ते कळणार. तिचे बोलणे कोणत्याही दफ्तरात नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हीच अवस्था असणार. आपण लिहायला शिकलो आहोत, तर पहिल्याने हे काम हाती घेऊ या. आजीआजोबांची नावे, त्यांची गावे, ते केव्हा आणि का निघाले, एवढे तरी एका वहीत उतरवून त्यावर तारीख घालू या. रिबेका स्ट्रॉसचा अर्ज सरकारी पेटीत पडून होता म्हणून वाचला. आपल्या माणसांसाठी तशी पेटी कोणी ठेवलेली नाही. ती आपणच ठेवली पाहिजे.