उसनी कुऱ्हाड, २८ डॉलरचा खर्च आणि तळ्याकाठची झोपडी : थोरो जंगलात नेमका कशासाठी गेला होता?

हेन्री डेव्हिड थोरोचं नाव निघालं की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक गट डोंगर-झाडीचे फोटो टाकून नोकरी सोडण्याच्या गप्पा मारतो. दुसरा गट लगेच कमेंटमध्ये येऊन सांगतो की, हा गडी जंगलात राहायचा खरा, पण कपडे मात्र आईकडून धुऊन घ्यायचा.

त्याने ती झोपडी बांधली कशी, सांभाळली कशी आणि मुळात तिथे जायची वेळ त्याच्यावर का आली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तर थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ चा. गाव कॉन्कर्ड, अमेरिकेतल्या बोस्टन शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर. वडिलांचा पेन्सिली बनवायचा धंदा. पोरगा हुशार निघाला म्हणून घरच्यांनी ओढाताण करून हार्वर्डला धाडलं. १८३७ ला पदवी घेऊन तो गावात परत आला आणि शाळेत मास्तर झाला. पण पोरांना छडीने मारायचं नाही, असं त्याचं मत. शाळा चालवणाऱ्यांना ते पटेना. दोनच आठवड्यांत नोकरी सुटली.

मग थोरला भाऊ जॉन आणि हेन्री या दोघांनी मिळून स्वतःची शाळा काढली. जॉन बोलका, गावाचा लाडका. हेन्री अबोल आणि जरासा तिरसट. पण दोघांचं गूळपीठ असं की, १८३९ मध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने बोट बांधली आणि कॉन्कर्ड आणि मेरिमॅक या नद्यांमधून दोन आठवडे फिरून आले. पुढे दोघांनी एकाच मुलीला लग्नाची मागणी घातली. दोघांनाही नकार मिळाला, तरी भावांमध्ये फाटलं नाही.

जानेवारी १८४२ मध्ये वस्तऱ्याला धार लावताना जॉनचं बोट कापलं. जखम अगदी किरकोळ होती, पण धनुर्वात झाला आणि काही दिवसांत जॉन हेन्रीच्या मिठीत गेला. त्यानंतर हेन्रीला कुठलीही जखम नसताना त्याचाही जबडा आखडायला लागला, धनुर्वाताची सगळी लक्षणं दिसायला लागली. घरचे हादरले. तो त्यातून उठला, पण भाऊ गेल्याचं दुःख काही जाईना. त्या बोटीच्या सफरीवर पुस्तक लिहायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात राहिलं.

त्यात १८४४ च्या एप्रिलमध्ये आणखी एक भानगड झाली. एका मित्राबरोबर नदीवर गेला असताना मासे शिजवायला त्याने चूल पेटवली. पाऊस नव्हता, गवत वाळून कोळ झालं होतं. ठिणगी उडाली आणि बघता बघता ३०० एकरांच्या वर जंगल जळालं. लोकांची सरपणाची झाडं त्यात गेली. पुढे कित्येक वर्षं गावातले लोक त्याला पाठीमागून जंगलजाळ्या म्हणून हाका मारायचे.

म्हणजे १८४५ उजाडलं तेव्हा या माणसाकडे काय होतं? वय २७. शाळा बंद पडलेली, भाऊ गेलेला, पुस्तक लिहून होत नव्हतं आणि गावात नाव खराब. आज ज्याला आपण निसर्गाच्या ओढीने जंगलात गेलेला ऋषी समजतो, त्याचा खरा विषय हा होता. त्याला लिहायला निवांत जागा पाहिजे होती आणि भाडं भरायला खिशात पैसे नव्हते.

जागा दिली राल्फ वाल्डो इमर्सनने. इमर्सन म्हणजे तेव्हाचा अमेरिकेतला बडा विचारवंत, राहायला कॉन्कर्डमध्येच. त्याने आदल्याच वर्षी वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी थोडी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे खोपट बांधायला त्याने थोरोला परवानगी दिली.

मार्च १८४५ संपत आला होता. थोरो कुणाची तरी कुऱ्हाड उसनी घेऊन तळ्यावर पोहोचला. थंडी सरत होती, पण तळ्यावरचा बर्फ अजून पुरता विरघळला नव्हता. मधूनच हिमाचे कण भुरभुरायचे. त्याने पांढऱ्या पाईनची कोवळी, सरळसोट झाडं निवडून तोडायला सुरुवात केली. मुख्य खांब चारही बाजूंनी तासून सहा इंचांचे केले. बाकीच्या लाकडांची जेवढी बाजू तासायची गरज होती तेवढीच तासली, उरलेली साल तशीच ठेवली. फुकटची मेहनत कशाला?

एक दिवस कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं. त्याने ओल्या हिकरीच्या लाकडाची पाचर करून दगडाने ठोकली आणि लाकूड फुगून घट्ट बसावं म्हणून सगळी कुऱ्हाड तळ्याच्या पाण्यात भिजत ठेवली. आपल्याकडे फावड्याचा दांडा ढिला झाला की हाच उपाय करतात. तिथे त्याला पाण्याच्या तळाशी एक साप दिसला. थंडीने इतका गारठलेला की पंधरा मिनिटं झाली तरी हलेना. १ एप्रिलला पाऊस पडला आणि तळं मोकळं झालं. कुऱ्हाड त्याने परत केली तेव्हा ती नेली होती त्यापेक्षा जास्त धारदार होती, हे तो अभिमानाने नोंदवतो.

भिंतींच्या फळ्यांसाठी त्याने भारी जुगाड केला. तळ्याजवळून नुकतीच रेल्वे गेली होती. त्या कामावरच्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतली. ठरलं असं की पैसे रात्री द्यायचे आणि मजुराने पहाटे पाचला झोपडी सोडायची. सहा वाजता ताबा. थोरोने एकेक खिळा उपसला, फळ्या सुट्या केल्या, गाडीने तळ्यावर नेल्या आणि वाकलेल्या फळ्या सरळ व्हाव्यात म्हणून गवतावर उन्हात पसरल्या. तो गाडीच्या खेपा करत असताना शेजारचा एकजण चांगले चांगले खिळे खिशात घालत होता म्हणे!

तळघरासाठी सहा फूट लांब-रुंद आणि सात फूट खोल खड्डा त्याने दोन तासांत खणला. जागा वाळूची होती आणि बिळात राहणाऱ्या एका प्राण्याने तिथे आधीच पोखरून ठेवलं होतं. मे महिन्याच्या सुरुवातीला मित्र आणि शेजारी जमले आणि सांगाडा उभा राहिला. यात इमर्सनसारखे लोक होते. ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, थोरो तिथे राहायला गेला.

झोपडी १० फूट रुंद, १५ फूट लांब. आत पलंग, टेबल, लिहायचा डेस्क आणि तीन खुर्च्या. एकूण खर्च २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. त्याने अगदी खडूचा एक सेंटसुद्धा हिशेबात धरला आहे. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये विद्यार्थ्याच्या एका खोलीचं वर्षाचं भाडं ३० डॉलर होतं. कपडे धुण्याचं म्हणाल तर ते काम बहुतेक बाहेरच व्हायचं आणि त्याचं बिल अजून आलेलं नाही, असं त्याने स्वतःच पुस्तकात लिहून ठेवलंय. त्यामुळे यात उघडं पाडण्यासारखं काही नाही. गाव अडीच-तीन किलोमीटरवर होतं, तो तिथे सारखा जायचा आणि आईच्या हातचं जेवायचा. हे त्याने कधी लपवलं नाही.

पण झोपडी बांधणं सोपं, ती टिकवणं अवघड. जुलैत आला तेव्हा फळ्यांमध्ये बोट जाईल अशा फटी होत्या, धुराडंही नव्हतं. स्वयंपाक बाहेर मोकळ्यावर. पाऊस आला की चुलीवर दोन फळ्या आडव्या धरून पाव भाजायचा. थंडीच्या आत त्याने जुन्या विटा साफ करून धुराडं बांधलं, बाहेरून लाकडी चिपा ठोकल्या आणि तळ्याच्या पलीकडून बोटीने वाळू आणून आतून गिलावा केला. गिलाव्यात जनावरांचे केस मिसळायची तिथे पद्धत होती. त्यातले उरलेले केस तळघरातल्या उपद्रवी जीवांनी पळवून स्वतःच्या बिछान्याला वापरले, वर साठवलेल्या बटाट्यांतला दर तिसरा बटाटा फस्त केला.

हिवाळ्यात पाणी भरायचं म्हणजे हातात कुऱ्हाड घेऊन जायचं, फूटभर हिम आणि त्याखालचा फूटभर बर्फ फोडायचा, मग बादली बुडवायची. थंडी ओसरू लागली की जमिनीखालच्या खारी थेट त्याच्या पायाखाली येऊन दंगा घालायच्या. त्याने पाय आपटले की त्या आणखी चेकाळायच्या.

साफसफाईची त्याची तऱ्हा आपल्या दिवाळीच्या साफसफाईसारखी होती. पहाटे उठून पलंगासकट सगळं सामान बाहेर गवतावर काढायचं, जमिनीवर पाणी मारायचं, तळ्याची पांढरी वाळू टाकायची आणि झाडूने खसाखसा घासायचं. गावकऱ्यांची न्याहारी होईपर्यंत उन्हाने घर कोरडं व्हायचं. टेबलावर शोभेला तीन दगड ठेवले होते, पण रोज पुसावे लागतात म्हटल्यावर त्याने ते खिडकीतून फेकून दिले.

बर्फ असताना त्याने आणखी एक काम उरकलं. वॉल्डन तळ्याला तळच नाही असं लोक पिढ्यानपिढ्या मानत होते. १८४६ च्या सुरुवातीला बर्फाला भोकं पाडून, दोरीला दगड बांधून त्याने सगळं तळं मोजलं. सगळ्यात जास्त खोली भरली १०२ फूट. आजच्या उपकरणांनी मोजलं तरी आकडा जवळपास तेवढाच येतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला दरडोई कर देणार नाही म्हणून त्याने एक रात्र तुरुंगात काढली. त्यावरचा त्याचा निबंध पुढे दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधींच्या वाचनात आला, तो किस्सा बहुतेकांना माहिती असतो. कमी लोकांना हे माहिती असतं की तळ्याकाठी तो स्वतः भगवद्गीता वाचत होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर मजूर वॉल्डनचा बर्फ कापायला आले, कारण त्या काळी बोस्टनच्या आसपासच्या तळ्यांमधला बर्फ भुश्यात गुंडाळून जहाजाने कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला यायचा. आपण गीता वाचतोय आणि आपल्या तळ्याचं पाणी तिकडे भारतात पोचतंय, या कल्पनेने थोरो खूश झाला होता.

६ सप्टेंबर १८४७ ला त्याने झोपडी सोडली. दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस. जॉनसोबतच्या सफरीचं पुस्तक लिहून झालं होतं. ते १८४९ मध्ये आलं आणि सपशेल आपटलं. हजार प्रतींपैकी ७०६ प्रती प्रकाशकाने परत पाठवल्या आणि त्या त्याला स्वतःच्या पाठीवरून जिने चढून वर न्याव्या लागल्या. झोपडीवरचं पुस्तक त्याने सात वेळा पुन्हा लिहिलं. ते 'वॉल्डन' १८५४ मध्ये छापून आलं आणि तेही हळूहळूच खपलं.

झोपडी आधी इमर्सनच्या माळ्याकडे गेली, मग एका शेतकऱ्याने ती उचलून नेऊन धान्य ठेवायला वापरली. १८६८ मध्ये ती मोडली आणि तिचं छप्पर डुकरांच्या खुराड्यावर गेलं. ती कुठे उभी होती हेसुद्धा लोक विसरले. १९४५ मध्ये खणताना धुराड्याचा पाया सापडला तेव्हा कुठे जागा पक्की झाली.

एप्रिल १८५९ मध्ये थोरो पुन्हा त्याच जमिनीवर राबत होता. जिथे त्याने घेवडा पिकवला होता तिथे त्याने इमर्सनसाठी पांढऱ्या पाईनची सुमारे ४०० रोपं लावली. तीन वर्षांनी, ६ मे १८६२ ला, क्षयाने तो गेला. वय ४४.

तळं कधी मोकळं झालं, कुठलं फूल कधी उमललं, याच्या नोंदी तो वर्षानुवर्षं ठेवत होता. १८४५ ला १ एप्रिल, १८४६ ला २५ मार्च, १८४७ ला ८ एप्रिल. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. थोरोच्या काळात सरासरी १ एप्रिलच्या आसपास मोकळं होणारं वॉल्डन तळं आता जवळपास दोन आठवडे आधीच मोकळं होतं.