विश्लेषण : हॉट सॉसच्या बाटलीवरचा ‘स्कोव्हिल’ आकडा आला कुठून? मिरचीचा तिखटपणा मोजणारे विल्बर स्कोव्हिल कोण होते?

हॉट सॉसच्या बाटलीवरचा आकडा जितका मोठा, तितकी तिची चर्चा जास्त. पण ज्या औषधनिर्मात्याच्या नावाने हा आकडा ओळखला जातो, त्याला तिखटाची शर्यत लावायची नव्हती. औषधात मिरची नेमकी किती घालावी, एवढेच त्याला ठरवायचे होते.

सिहोरा : तुमसर तालुक्यातील सिहोऱ्याच्या बाजारात वर्षभराची लाल मिरची घेणारे ग्राहक आकडा विचारत नाहीत. मिरची नीट वाळली आहे का ते हाताने पाहतात, तोडून वास घेतात, एखादा तुकडा जिभेला लावतात आणि मग भाव ठरवतात. त्याच घरातील कॉलेजात जाणारी मुले मात्र मोबाइलवरून हॉट सॉस मागवताना आधी ‘एसएचयू’ बघतात. एसएचयू म्हणजे स्कोव्हिल हीट युनिट, अर्थात तिखटपणाचे एकक. हजारांपासून लाखांपर्यंत जाणारा हा आकडा ११० वर्षांहून जुन्या एका प्रयोगातून आला आहे आणि त्या प्रयोगाची सुरुवातही जिभेपासूनच झाली होती.

विल्बर स्कोव्हिल कोण होते?

विल्बर लिंकन स्कोव्हिल यांचा जन्म २२ जानेवारी १८६५ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट येथे झाला. त्यांनी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेतले आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स कॉलेज ऑफ फार्मसीमध्ये ते प्राध्यापक झाले. १८९१ मध्ये कोरा अपहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दाम्पत्याला एमी आणि रूथ या दोन मुली होत्या.

त्या काळी औषधे आजच्यासारखी सरसकट कारखान्यातून तयार होऊन येत नसत. डॉक्टर चिठ्ठी लिहून देत आणि औषध दुकानदार चूर्ण, अर्क, मलम, सरबत स्वतः मोजून-मिसळून तयार करत. मिसळताना प्रमाण चुकले तर रुग्णाला अपाय होण्याची भीती असे. हे मिसळण्याचे शास्त्र शिकवणारे ‘द आर्ट ऑफ कम्पाउंडिंग’ हे स्कोव्हिल यांचे पुस्तक १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि लेखकाच्या निधनानंतरही ते औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिले. मिरचीच्या जळजळीवर दुधाचा उतारा छापील स्वरूपात नोंदवणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांतही त्याची गणना होते.

औषध कंपनीला मिरची का मोजावी लागली?

अध्यापनानंतर स्कोव्हिल डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या मोठ्या औषध कंपनीत काम करू लागले. त्या काळी अंगदुखी, सांधेदुखीवर चोळण्याच्या औषधांत आणि पट्ट्यांमध्ये मिरचीचा अर्क वापरला जात असे. मिरचीमुळे त्वचेला ऊब जाणवते आणि दुखणे काही काळ कमी वाटते. पण अर्क कमी पडला तर औषधाचा उपयोग होत नाही आणि जास्त झाला तर कातडी भाजल्यासारखी होते.

खरी अडचण कच्च्या मालाची होती. जपान, झांजीबार, मोंबासा अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारी मिरची दिसायला सारखी असली तरी तिचा तिखटपणा सारखा नसे. एकाच वजनाची मिरची घालूनही दोन घाण्यांमधील औषध वेगवेगळे निघे. मिरचीतील तिखट द्रव्याला इंग्लंडच्या जॉन थ्रेश यांनी १८७६ मध्ये ‘कॅप्सेसिन’ हे नाव दिले होते, पण त्याची रासायनिक रचना उलगडायला १९१९ साल उजाडावे लागले. त्यामुळे हे द्रव्य मिरचीत किती आहे हे अचूक सांगणारे यंत्र १९१२ मध्ये नव्हते. प्रयोगशाळेतील तेव्हाच्या रासायनिक कसोट्यांपेक्षा माणसाची जीभ कितीतरी संवेदनशील होती. स्कोव्हिल यांनी तिलाच मोजमापाचे साधन केले.

चाचणी कशी घेतली जात असे?

स्कोव्हिल यांनी ही पद्धत १९१२ मध्ये अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका छोट्या टिपणाद्वारे मांडली. वाळलेल्या मिरचीची ठरावीक वजनाची पूड रात्रभर अल्कोहोलमध्ये भिजवायची. तिखट द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र सहज उतरते. हा अर्क गाळून साखरेच्या पाण्यात टाकायचा आणि तिखटपणा जेमतेम जाणवेल इतका पातळ करायचा. पुढे या पद्धतीला ठरावीक रूप आले. साधारण पाच चाखणाऱ्यांचा गट बसवायचा आणि त्यातल्या बहुतेकांना तिखट लागेनासे होईपर्यंत अर्क पातळ करत जायचा.

म्हणजे एक भाग अर्क ३० हजार भाग गोड पाण्यात मिसळल्यावर तिखटपणा जिभेच्या सीमेवर आला, तर त्या मिरचीचा आकडा ३० हजार. सिमला मिरचीत तिखट नसल्याने तिचा आकडा शून्य. स्कोव्हिल यांच्या नोंदीत जपानी मिरची सौम्य, झांजीबारची मध्यम आणि मोंबासाची सर्वांत जहाल ठरली. कोणती मिरची औषधात किती घालायची, याचा हिशेब आता मांडता येऊ लागला.

या पद्धतीत त्रुटी कोणत्या होत्या?

सर्वांत मोठी त्रुटी होती माणसाची जीभ. एकाला झोंबणारे दुसऱ्याला जाणवतही नाही. रोज ठेचा खाणारा आणि कधीच तिखट न खाणारा एकाच वेळी चाखायला बसले तर उत्तरे वेगळी येणारच. शिवाय दोन-चार नमुन्यांनंतर जीभ बधिर होते. त्यामुळे एकाच मिरचीचे दोन प्रयोगशाळांमधील आकडे बरेच वेगळे निघत. तरीही अनेक दशके याहून सोयीची पद्धत उपलब्ध नव्हती आणि मसाला व औषध उद्योगाने तीच वापरली.

स्कोव्हिल यांचे पुढे काय झाले?

हयातीत स्कोव्हिल यांची ओळख मिरचीमुळे नव्हती. औषधनिर्माण क्षेत्रातील संशोधनासाठी अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनने त्यांना १९२२ मध्ये एबर्ट पारितोषिक दिले. १९२९ मध्ये या क्षेत्रातील मानाचे रेमिंग्टन पदक मिळाले आणि त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने मानद डॉक्टरेट देऊन त्यांचा गौरव केला. १० मार्च १९४२ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तोवर अतितिखट सॉसची आजची बाजारपेठ उभी राहिली नव्हती. १८६८ पासून लुइझियानात बनणारा टबॅस्को सॉस होता, पण त्याच्या बाटलीला आकड्याची गरज नव्हती. आज मोजला तर हा सॉस साधारण अडीच ते पाच हजार एसएचयूमध्ये बसतो. पुढे मिरचीप्रेमींनी स्कोव्हिल यांचे नाव जगभर पोहोचवले. २२ जानेवारी २०१६ रोजी, त्यांच्या १५१ व्या जयंतीला, गुगलने मुखपृष्ठावर त्यांच्यावरील खेळ ठेवला होता.

आज हा आकडा कसा काढतात?

१९८० च्या दशकापासून जिभेची जागा एचपीएलसी या यंत्राने घेतली. हे यंत्र अर्कातील कॅप्सेसिन आणि त्याची भावंडे असलेली तिखट द्रव्ये वेगळी करून त्यांचे प्रमाण सांगते. दहा लाख भागांत एक भाग तिखट द्रव्य असेल तर ते साधारण १६ एसएचयू धरतात. मिरचीच्या पुडीत ०.२ टक्के तिखट द्रव्य असेल तर दहा लाखांत दोन हजार भाग, म्हणजे सुमारे ३२ हजार एसएचयू. याच हिशेबाने शुद्ध कॅप्सेसिन १ कोटी ६० लाखांवर जाते. मोजणारी जीभ गेली, पण एककाला नाव स्कोव्हिल यांचेच राहिले.

तिखट ही चव नसून वेदनेचा संदेश आहे, हेही दरम्यान स्पष्ट झाले. जिभेवरील उष्णता ओळखणाऱ्या ज्या ग्राहीला कॅप्सेसिन चिकटते, तो डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला. २०२१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेलचे ते एक मानकरी होते. पक्ष्यांमधील हा ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट हिरवी मिरची आरामात खातो.

आकड्याची शर्यत कशी सुरू झाली?

ईशान्य भारतातील भूत जोलोकिया २००७ च्या सुमारास दहा लाख एसएचयू ओलांडणारी मिरची म्हणून गिनेस बुकात गेली. २०१३ मध्ये अमेरिकेतील कॅरोलिना रीपरने १५ लाखांचा टप्पा पार केला. २०२३ मध्ये त्याच उत्पादकाच्या पेपर एक्स या वाणाची नोंद २६ लाख ९३ हजारांवर झाली. सॉसवाल्यांनीही तोच मार्ग धरला. मिरचीपेक्षा जहाल सॉस बनवण्यासाठी त्यात मिरचीचा दाट अर्क, म्हणजे ओलिओरेझिन घातला जाऊ लागला.

या शर्यतीची किंमतही मोजावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये अतितिखट चिप खाण्याच्या आव्हानात भाग घेतलेल्या १४ वर्षांच्या मुलाचा अमेरिकेत मृत्यू झाला. त्याला हृदयाचा जन्मजात दोष होता. मोठ्या प्रमाणात कॅप्सेसिन असलेला पदार्थ खाल्ल्यानंतर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद शवविच्छेदन अहवालात झाली. ही घटना मॅसॅच्युसेट्सची, म्हणजे ज्या राज्यात स्कोव्हिल प्रमाण शिकवत होते तिथलीच.

जून २०२४ मध्ये डेन्मार्कने दक्षिण कोरियाच्या तीन प्रकारच्या तिखट नूडल्स बाजारातून मागे घ्यायला लावल्या. नव्या मोजणीनंतर महिनाभरात त्यातील दोन पुन्हा विक्रीला आल्या. तिथल्या यंत्रणेचा प्रश्न एसएचयूचा नव्हता. एका पाकिटातून मुलाच्या पोटात एकूण किती कॅप्सेसिन जाते, हा तो प्रश्न होता. १९१२ मध्ये स्कोव्हिल औषधाबाबत विचारत होते, तो प्रश्न यापेक्षा फार वेगळा नव्हता.

आकडा वाचताना काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट, मिरचीचा आकडा वाळलेल्या वजनावर काढतात. ताज्या मिरचीत बहुतांश पाणी असल्याने तिचा प्रत्यक्ष ठसका त्याहून कमी असतो. दुसरी, सॉसचा आकडा मिरचीइतका नसतो. ३० हजारांच्या एक भाग पुडीत नऊ भाग व्हिनेगर आणि इतर घटक मिसळले तर सॉस तीन हजारांवर येतो. बाटलीवर मिरचीचा आकडा ठळक आहे की सॉसचा, हे आधी बघावे. तिसरी, घटकांच्या यादीत ‘चिली एक्स्ट्रॅक्ट’ किंवा ‘ओलिओरेझिन’ असेल तर तो सॉस थेंबानेच घ्यावा. लहान मुले, हृदयविकार, दमा किंवा पोटाचे विकार असलेल्यांनी अशा आव्हानांपासून दूर राहावे. तोंड भाजलेच तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही अधिक उपयोगी. दुधातील केसीन हे प्रथिन तिखट द्रव्याला जिभेवरून सोडवते.

चौथी गोष्ट विदर्भातल्या खवय्यांसाठी. हा आकडा फक्त मिरचीच्या तिखटाचा आहे. सावजी रश्श्याच्या झणझणीतपणात काळ्या मिरीचाही वाटा असतो. मिरीतील पायपरीन आणि आल्यातील तिखट द्रव्ये यंत्राच्या या मोजणीत येत नाहीत. रंगावरूनही तिखटपणा ठरत नाही. लाल रंग देणारे द्रव्य वेगळे, तिखट द्रव्य वेगळे. तिखट द्रव्य बियांत नसून त्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या भागात तयार होते. म्हणून आवडता सॉस शोधताना आकड्याइतकेच लसूण, आंबटपणा, धुरकट वास आणि मिरचीचा स्वतःचा स्वाद याकडेही लक्ष द्यावे. नवी बाटली आणल्यावर थेट चमचा तोंडात घालण्याऐवजी एक थेंब चमचाभर दह्यात मिसळून चाखावा आणि प्रमाण हळूहळू वाढवावे. स्कोव्हिल अर्क पातळ करत तिखट नाहीसे होण्याची सीमा शोधत. इथे उलट्या दिशेने आपल्याला सोसेल अशी सीमा सापडते.

भंडारा जिल्ह्याला मिरची नवी नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापूरची मिरची पवनीच्या शेजारचीच. या पट्ट्यात मिरचीचे देठ खुडून पोट भरणाऱ्या महिलांच्या हातांची आग आणि खोकल्याची ढास कोणत्याही बाटलीवर छापली जात नाही. कॅप्सेसिन त्वचेवर किती बसले की औषध आणि किती बसले की इजा, हे ठरवण्यासाठीच स्कोव्हिल मोजमाप करत होते. सॉस निवडताना त्यांच्या आकड्याचा उपयोग जरूर करावा, पण बाटलीवर किती लिहिले आहे याच्या आधी ताटात किती घेतो ते पाहावे.