वॉलेस कोल्टर आणि एक बारीकसे छिद्र

कन्नौदला आमच्या काकूंना एका पावसाळ्यात डेंग्यू झाला. गावात सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या प्लेटलेट्स ४० हजार निघाल्या. त्याच सकाळचे रक्त बसने इंदूरला पाठविले, तेथे यंत्राने ५४ हजार सांगितल्या. खरा आकडा कोणता यावर घरात रात्रभर खल चालला. काका तर गाडी ठरवूनही आले होते. काकू बऱ्या झाल्या; पण भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या मला यंत्र पेशी कसे मोजते हे धड सांगता आले नव्हते, ते मनाला लागून राहिले. त्या शोधात मला वॉलेस कोल्टर भेटले.

त्यांचा जन्म १९१३ साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात झाला. जॉर्जिया टेकमधील शिक्षण मंदीमुळे अर्धवट सुटले. १९३५ पासून ते क्ष-किरण यंत्रे विकण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी मनिला, शांघाय, सिंगापूर असे फिरले. इस्पितळांमध्ये डोळे फोडून पेशी मोजणारी माणसे त्यांनी तेथेच पाहिली. १९४१ च्या अखेरीस जपानी फौजा सिंगापूरवर चालून आल्या, तेव्हा एका मालवाहू बोटीने ते भारतात आले. येथे काही आठवडे काढून, आफ्रिका व दक्षिण अमेरिका असा वळसा घेत घरी पोचायला त्यांना १९४२ चा नाताळ उजाडला.

युद्धानंतर शिकागोत, घरच्या तळघरात, त्यांनी प्रयोग सुरू केले. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. रक्तपेशीचे आवरण मात्र स्निग्ध, त्यामुळे ती विजेला अडविते. मग दोन विद्युतअग्रांमध्ये एक बारीक छिद्र ठेवून त्यातून पातळ केलेले रक्त ओढले तर? प्रत्येक पेशी छिद्रातून जाताना रोध क्षणभर वाढतो व एक स्पंद उमटतो. जितके स्पंद तितक्या पेशी. स्पंद जितका उंच तितकी पेशी मोठी. पहिले छिद्र त्यांनी सिगारेटच्या पाकिटावरील सेलोफेनला तापल्या सुईने पाडले. प्रयोगाला ठेवलेला रंग थंडीने गोठला म्हणून त्यांनी स्वतःचेच रक्त वापरले, असे सांगतात. छिद्राचे पेटंट मिळत नसते, असे म्हणून वकील त्यांना परत पाठवीत. अखेर ते २० ऑक्टोबर १९५३ रोजी मिळाले. पुढे भाऊ जोसेफ यांच्यासह त्यांनी कंपनी काढली. त्यांनी लग्न केले नाही. १९९८ साली मायामीत ते वारले.

पुढच्या सुटीत कन्नौदला गेलो तेव्हा काकांपुढे कागद घेऊन बसलो. रक्त शंभरपट पातळ करून काचेच्या चौकटीत ४० प्लेटलेट्स मोजल्या, तर निव्वळ योगायोगानेच सहा-सात इकडेतिकडे होतात. पातळ करताना होणारी चूक वेगळीच. यंत्र हजारो पेशी मोजते, म्हणून तेथे हा फरक एखाद्या टक्क्यावर येतो. काकांनी लगेच विचारले, मग यंत्र कधीच चुकत नाही का? चुकते. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या तर त्या गठ्ठ्याला ते प्लेटलेट मानीतच नाही, आणि आकडा खोटाच खाली येतो. तेव्हा काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखालीच धरावी लागते. हे ऐकून काकांना गावच्या तपासनिसाबद्दल जरा बरे वाटलेले दिसले.