कुवलयानंद आणि कवायतीचा तास

शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो, आणि परीक्षा जवळ आली की गणिताला अथवा इंग्रजीला सर्वप्रथम देऊन टाकला जातो तोही हाच तास. जो तास प्रत्यक्षात होतो त्याचे रूपही ठरून गेलेले आहे. शिट्टी वाजते, रांगा लागतात, एक-दोन-तीन-चार असे आकडे मोजले जातात, हात वर जातात व खाली येतात. उरलेल्या वेळात चार-सहा चपळ मुले चेंडू ताब्यात घेतात आणि बाकीची भिंतीच्या कडेला उभी राहून घंटेची वाट पाहतात. महाराष्ट्रातील शाळांत या तासाला स्थान मिळवून देण्यात ज्यांचा वाटा मोठा होता ते कुणी नामवंत खेळाडू नव्हते की लष्करी अधिकारी नव्हते. ते अध्यापक होते व पुढे योगाचे संशोधक झाले. स्वामी कुवलयानंद हे नाव आज लोणावळ्याच्या कैवल्यधामामुळे आणि दर वर्षीच्या २१ जूनच्या योगदिनामुळे लोकांच्या कानावर असते. शाळकरी मुलांच्या शरीराचा त्यांनी केलेला विचार मात्र फारसा कुणाच्या स्मरणात उरलेला नाही.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे एका शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी इतकी की काही काळ दुसऱ्यांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि १९१० साली बडोदे कॉलेजातून ते पदवीधर झाले. टिळकांच्या राजकारणाने आणि अरविंद घोषांच्या विचारांनी भारलेला तो काळ होता. आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करण्याचा निश्चय त्यांनी याच सुमारास केला. परंतु पुढील आयुष्याच्या दृष्टीने कॉलेजाइतकीच महत्त्वाची ठरली ती बडोद्याची जुम्मादादा व्यायामशाळा व तेथील राजरत्न माणिकराव. १९०७ ते १९१० ही तीन वर्षे गुणे यांनी माणिकरावांच्या हाताखाली देशी व्यायामाचे शिक्षण घेतले.

त्या वेळच्या सरकारी शाळांत व्यायाम म्हणजे ड्रिल, ते शिकवणारा बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला शिपाई, आणि हुकूम इंग्रजी. त्या हुकुमाचा अर्थ मुलाला कळावा अशी कुणाला निकडही वाटत नसे. माणिकरावांनी हुकूम देशी भाषेत आणले आणि सांघिक व्यायामाला देशी वळण दिले. आखाड्याची जुनी रीतही त्यांच्याकडे चालूच होती. आखाड्यात येणारा मुलगा आपणहून येतो. मल्लखांबावरची पकड आज साधली नाही तर उद्या पुन्हा करून पाहतो. उस्ताद त्याच्या मांडीची ठेवण किंवा खांद्याचा कल हाताने धरून दुरुस्त करतो. महिन्याभराने जे जमत नव्हते ते जमू लागते. त्या जमण्यातच त्याला परत आखाड्याकडे ओढून आणणारी शक्ती असते. मुलांना व्यायामाची गोडी कशी लावावी यावर जाडजूड प्रबंध लिहिणाऱ्यांनी एखाद्या जुन्या आखाड्यात चार संध्याकाळी काढल्या तरी पुष्कळ काही हाती लागेल. अर्थात या आखाड्यांची दारे मुलींना आणि दुबळ्या मुलांना क्वचितच उघडी असत, हेही विसरून चालणार नाही.

पदवीनंतर गुणे खानदेशात गेले. अमळनेरच्या खानदेश शिक्षण संस्थेच्या उभारणीत त्यांनी हातभार लावला आणि १९१६ साली तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. सरकारने १९२० साली ते महाविद्यालय बंद पाडले. दरम्यान १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींची भेट होऊन योगाची दीक्षा मिळाली होती. एखादा श्रद्धाळू शिष्य येथेच थांबला असता. गुणे यांनी १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळा गाठली आणि आपल्याच काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने योगक्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे तपासण्यास आरंभ केला. पुढे १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली, ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले, आणि नौली करताना पोटातील दाब कसा बदलतो, शीर्षासनात रक्तदाबाचे काय होते, अशा प्रश्नांची उत्तरे क्ष-किरण व दाबमापक यांच्या आधारे त्यात छापली जाऊ लागली.

या संशोधनातून त्यांनी आसनांचे जे अभ्यासक्रम आखले ते शिक्षकांनी मुद्दाम पाहण्याजोगे आहेत. एक पूर्ण, एक संक्षिप्त, एक सोपा. ज्याचे शरीर जेथे असेल तेथून त्याने आरंभ करावा, जोर-जबरदस्ती करू नये, आणि पुढची पायरी आधीची पक्की झाल्यावरच चढावी, हा त्यामागील विचार. शिक्षणशास्त्रातील एक मोठे तत्त्व त्यांनी आसनांच्या निमित्ताने सहज मांडून ठेवले होते.

कुवलयानंद शाळेकडे वळले तेव्हा मात्र त्यांच्यासमोर एकेकटा साधक नव्हता; एकाच मैदानात शेकडो मुले उभी होती. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समितीत ते १९२७ पासून काम करीत होते. १९३६ साली त्यांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक आले. योगासनांतील सोप्या हालचाली निवडून त्या हुकुमावर, मोजणीच्या तालावर, सर्वांनी एकत्र करावयाच्या अशी त्यातील योजना. पुढच्याच वर्षी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आले, आणि १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. ड्रिल मास्तर हा शाळेतील सर्वांत खालच्या पंक्तीतला माणूस; तो आता प्रशिक्षित शिक्षक म्हणून इतरांच्या बरोबरीने बसू लागला. ही गोष्ट लहान नव्हे.

संघ व्यायामाला नावे ठेवणे आज सोपे आहे. त्या काळच्या शाळेजवळ साहित्य नव्हते, शिक्षक एक व मुले अनेक, आणि देश पारतंत्र्यात असताना शिस्तबद्ध, सुदृढ तरुण पिढीची ओढ प्रत्येक राष्ट्रवाद्याला होती. ज्याला उपकरण लागत नाही व जो अंगणातही होऊ शकतो असा व्यायाम देणे हा त्या परिस्थितीतील व्यवहार्य मार्ग होता. तरीही हिशेब मांडायचाच तर असे दिसते की, कुवलयानंदांच्या दोन देणग्यांपैकी शासनयंत्रणेने मोजता येणारी तेवढी उचलली. रांगा मोजता येतात, आकडे मोजता येतात, प्रजासत्ताकदिनी पाहुण्यांना दाखवता येतात. ज्याचे शरीर जेथे असेल तेथून आरंभ, ही दुसरी देणगी कोणत्याही तपासणी अहवालात बसत नव्हती. ती लोणावळ्यातच राहिली. याचा काही दोष स्वतः कुवलयानंदांकडेही जातो. लहान मूल आरोग्यासाठी वा राष्ट्रासाठी उडी मारीत नाही. उडी मारता येते म्हणून मारते. खेळण्याच्या या ओढीला त्यांच्या सांघिक योजनेत पुरेशी जागा नव्हती.

ही ओढ कोठून येते याचा अभ्यास अलीकडे बराच झाला आहे. धावणे, उडी, फेक, झेल, तोल ही कौशल्ये वय वाढले म्हणून आपोआप पक्की होत नाहीत. ती शिकवावी लागतात व सरावाने मुरतात, आणि त्यासाठी प्राथमिक शाळेचे वय सर्वांत मोलाचे असते. अमेरिकेतील डेव्हिड स्टॉडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेल्या विचारानुसार ज्याला हालचाली जमतात आणि आपल्याला जमते असे ज्याला वाटते ते मूल अधिक खेळते, अधिक खेळल्याने अधिक जमते. ज्याला जमत नाही ते हळूहळू बाजूला होते आणि हे अंतर वयाबरोबर रुंदावते. भिंतीच्या कडेला उभे असलेले मूल आळशी आहे असे शिक्षक सहज म्हणून जातात. वस्तुतः त्याला झेल घेणे कुणी शिकवलेलेच नसते, आणि सर्वांसमोर चेंडू सुटण्यापेक्षा भिंत बरी, असा हिशेब त्याने केलेला असतो.

आपल्या गल्लीतील खेळ हे शिक्षण फुकट देत असत. लंगडीने तोल शिकवला, लगोरीने नेम, विटीदांडूने हवेतली वस्तू टोलवणे, खो-खोने धावता धावता अंग वळवणे. त्यांत हुकूम देणारा कुणी नव्हता आणि कच्च्या लिंबूलाही डावात घेण्याची रीत होती. गल्लीत वाहने आली, आणि हे सारे ओझे न सांगता शाळेच्या त्या एका तासावर येऊन पडले.

कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले. कैवल्यधामाकडून घाट उतरून पनवेलमार्गे मुंबईकडे येताना आज जे शहर लागते ते तेव्हा नव्हते; सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबई आखून वसवलेले शहर आहे. शाळा, मैदाने, उद्याने यांच्या जागा येथे घरांबरोबरच नकाशावर आखल्या गेल्या. जुन्या मुंबईला हे भाग्य लाभले नव्हते. याच शहरात नेरुळच्या मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या रात्री वाशी-बेलापूरच्या कितीतरी मुलींना आपणही चेंडू हाती घ्यावा असे वाटले असेल. ही प्रेरणा शाळेच्या दारापर्यंत नक्की येते. आत आल्यावर तिला भेटते कोण, हा खरा प्रश्न आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण व खेळाचे साहित्य असावे असे म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक नेमण्याचीही तरतूद आहे, तीही अंशकालीन. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी, म्हणजे उडी, फेक आणि झेल शिकण्याच्या नेमक्या वयासाठी, त्या परिशिष्टात असा एकही शिक्षक नाही. तो तास वर्गशिक्षिकेकडेच येतो, आणि तिच्या टेबलावर त्याच वेळी गणिताच्या चाळीस वह्या तपासायच्या पडलेल्या असतात.