पाण्यातील घंटानाद

धुळे जिल्ह्यातील सोनगीर हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांच्या हातोड्यांचा नाद हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने आपल्या कानी येतो. पाण्यातून तो किती वेगाने जात असेल? या प्रश्नाचा ध्यास घेणारे शास्त्रज्ञ म्हणजे ज्याँ दानिएल कोलादों होत.

कोलादोंचा जन्म १५ डिसेंबर १८०२ रोजी जिनिव्हा येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेऊनही त्यांचे मन विज्ञानातच रमले. दाबाखाली द्रव पदार्थ किती आकुंचन पावतात, हे शोधणाऱ्यास पॅरिसच्या विज्ञान अकादमीने पारितोषिक ठेवले होते. कोलादों व त्यांचे मित्र शार्ल स्टुर्म यांनी ते काम हाती घेतले. प्रारंभीच्या प्रयोगांत कोलादोंच्या हाताला गंभीर इजा झाली. पण त्यांनी माघार घेतली नाही. आकुंचनाचे गणित पडताळण्यासाठी पाण्यातील नादाचा वेग मोजणे आवश्यक होते.

१८२६ साली जिनिव्हा सरोवरात हा प्रयोग झाला. रात्रीच्या वेळी एका नावेखाली पाण्यात घंटा टांगली होती. तिच्यावर घाव पडताच नावेवर दारूचा भडका उडे. १३,४८७ मीटर दूर, दुसऱ्या नावेत, पाण्यात बुडविलेल्या लांब कर्ण्याला कान लावून कोलादों बसले होते. प्रकाश दिसल्यावर सुमारे ९.४ सेकंदांनी नाद ऐकू आला. वेग निघाला सेकंदाला १,४३५ मीटर. हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक! १८२७ साली या दोघा मित्रांना अकादमीचे पारितोषिक लाभले.

पुढे कोलादोंनी पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश वळवून दाखविला. १८९३ साली त्यांचे निधन झाले.

समुद्राच्या खोल अंधारात डोळ्यांचा उपयोग थोडा. तेथे नादच सोबती. आपल्या अरबी समुद्रातही आढळणारा निळा देवमासा अतिशय खर्जातील हाक देतो. असा खर्ज पाण्यात फारच थोडा शोषला जातो. म्हणून ती हाक शेकडो किलोमीटर जाऊ शकते. शिवाय खोल समुद्रात नादाचा वेग सर्वांत कमी असलेला एक थर असतो. त्या थरातील नाद वर वा खाली जाऊ लागला, की वळून पुन्हा तेथेच येतो आणि दूरवर पोहोचतो. मात्र आज जहाजांच्या गोंगाटात देवमाशांच्या हाका बुडून जातात. त्या ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ आजही पाण्यात यंत्रे सोडून ऐकत असतात. दुखऱ्या हाताची पर्वा न करता पाण्याला कान लावणाऱ्या कोलादोंचेच कार्य ते पुढे नेत आहेत.