राखीव जंगलातले गवत

वणीहून यवतमाळकडे निघालेली एस. टी. मारेगावला थांबते आणि पुढे करंजीच्या वाटेला लागते. दोन्ही अंगांना कपाशी, मधूनच तुरीचे तास आणि दूरवर सागाच्या जंगलाची रेघ. त्या जंगलात कोणी जावे, कोणी जाऊ नये आणि हे ठरवायचे कोणी, हा वाद या मुलखाला नवा नाही. याच मातीतला एक विद्वान वकील या वादापायी तुरुंगात गेला होता. त्यांचे नाव लोकनायक माधव श्रीहरी अर्थात बापूजी अणे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीचा. त्या काळी यवतमाळ जिल्हा वणीच्याच नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. घरात वेदविद्येची परंपरा, त्यामुळे संस्कृतची गोडी लहानपणीच लागली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात पदवी घेतल्यावर काही काळ अमरावतीला शिक्षकी केली, मग कायद्याचा अभ्यास करून यवतमाळला वकिली सुरू केली. लोकमान्य टिळक हे त्यांचे दैवत. त्या निष्ठेने ते होमरूलच्या चळवळीत उतरले आणि पुढे वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९२८ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

राजकारणात ते प्रतियोगी सहकारितेच्या पक्षाचे. सरकार जिथे रास्त वागेल तिथे सहकार्य आणि जिथे अन्याय करील तिथे विरोध, ही त्यांची टिळकपंथी भूमिका होती. गांधीजींच्या साऱ्याच गोष्टी त्यांना पटत नसत. पण १९३० च्या उन्हाळ्यात दांडीचे मीठ देशभर गाजू लागले, तेव्हा मतभेद बाजूला ठेवून ते सत्याग्रहात उतरले.

अडचण एवढीच होती, की वऱ्हाडाला समुद्र नाही. मिठाचा कायदा मोडण्याला इथे फारसा वाव नव्हता. मग असा कायदा हवा, की जो प्रत्येक घराला रोज टोचतो. तो शोधायला लांब जावे लागले नाही. इंग्रजांनी १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या कायद्याने देशातली जंगले राखीव केली होती. वऱ्हाडातही राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या होत्या. आजोबा-पणजोबा ज्या रानातून गवताचा भारा आणत, तिथे आता परवानगीशिवाय विळा लावणे गुन्हा ठरला. जनावर हद्दीत शिरले की कोंडवाडा आणि दंड. इमारती लाकडाचे उत्पन्न मात्र सरकारच्या तिजोरीत जाई. शेतकरी असो, गोवारी असो की कोलाम, जंगल खात्याचा जाच कोणालाच सांगून समजवावा लागत नव्हता.

१० जुलै १९३० रोजी पुसदला बापूजींनी आपल्या तुकडीसह राखीव जंगलातले गवत कापले. पन्नाशीला टेकलेला, कायदेमंडळात बसलेला माणूस हाती विळा घेऊन रानात शिरतो, हे दृश्य लोकांनी पाहिले. अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षा झाली. पण गवताची ती पेंढी विझली नाही. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याला सत्याग्रह केला. सप्टेंबरात उरणजवळच्या चिरनेरला सत्याग्रहींवर गोळीबार होऊन माणसे बळी पडली. एका साध्या गवताने केवढी किंमत मागितली!

पुढचे बापूजी सर्वांना ठाऊक आहेत. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी ते पद सोडून मोकळे झाले. त्यानंतर श्रीलंकेत भारताचे प्रतिनिधी आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. लोकसभेत वेगळ्या विदर्भाची बाजू मांडणारे बापूजी २६ जानेवारी १९६८ रोजी गेले. त्यांनी लिहिलेल्या लोकमान्यांवरील संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर.

बापूजींना आज जंगलाचे रक्षक ठरवणे खोटे होईल. त्यांची लढाई परक्या राज्याशी होती, गवत हे निमित्त होते. पण त्या निमित्तात एक प्रश्न दडला होता आणि तो इंग्रज गेल्यावरही उरला. मारेगावपासून फार दूर नाही असे टिपेश्वरचे अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. १४८ चौरस किलोमीटरचे हे रान वाघांनी भरले. इथला एक तरुण वाघ २०१९ मध्ये शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुन्नाच्या फाटकातून पर्यटकांच्या जिप्सी आत जातात, मुलेबाळे वाघ पाहून हरखतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण शेजारच्याच राळेगाव भागात अवनी वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका आला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. कोणी वाघिणीसाठी हळहळले, कोणी सुटकेचा श्वास टाकला. हळहळणारे बहुतेक दूरचे होते आणि सुटकेचा श्वास टाकणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच शिवारात कापूस वेचायला जायचे होते. वाघ वाचावा यात वाद नाही. पण त्याचे मोल गुराख्याने द्यायचे आणि दर्शन मात्र तिकीट काढणाऱ्याने घ्यायचे, हा हिशेब बरोबर आहे का?

२००६ च्या वनहक्क कायद्याने या हिशेबात ग्रामसभेला जागा दिली. वन्यजीवांसाठी गाव हलवायचे तर तिची संमती घ्यावी लागते. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून रान आपले मानले आणि राखलेही. म्हणजे संरक्षण आणि माणूस यांचे वैर अटळ नाही. रान राखायचे असेल तर रानाकाठच्या माणसाला आधी विचारले पाहिजे. पुसदच्या त्या पावसाळी दिवशी कापलेल्या गवतातून एवढे शिकता आले, तरी बापूजींचे सहा महिने फुकट गेले नाहीत असे म्हणता येईल.