सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

स्मरणिकेसाठी लिहा, असे मंडळाने सांगितले तेव्हा मला डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस आठवले. त्याला कारण आहे.

मी परिचारिका. साताऱ्याहून म्हैसूरला नवीन आले तेव्हा कन्नड जेमतेम कळे. एका सकाळी ऑपरेशनच्या पेशंटने तिंडी झाल्याचे सांगितले. मी अर्थ न समजता मान डोलावली आणि उपाशीपोटी असल्याची नोंद केली. भूलतज्ज्ञांनी पुन्हा विचारले म्हणून अनर्थ टळला. तिंडी म्हणजे नाश्ता, हे तेव्हा कळले. त्या रात्री झोप लागली नाही.

कोटणीसांचा जन्म १९१० साली सोलापूरला झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टर पाठवले, त्यांत ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते.

१९४० च्या लढाईत तेरा दिवसांत आठशेवर जखमी आले आणि कोटणीसांच्या पथकाने ५५८ शस्त्रक्रिया केल्या. एवढे काम एकट्या सर्जनच्या हातून होत नाही. स्ट्रेचर आणणारा, जखम धुणारा, हत्यारे उकळणारा, रात्री पेशंटजवळ बसणारा, सगळ्यांना एकमेकांचे बोलणे नीट कळावे लागते. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले.

कॅनडाचे सर्जन बेथ्यून १९३९ मध्ये तिथेच वारले. ऑपरेशन करताना बोट कापले आणि रक्तात विष भिनले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. त्याच वर्षी परिचर्या शिकवणाऱ्या को छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलगा काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला.

आज थिएटरमध्ये भूल देण्यापूर्वी पेशंटचे नाव, ऑपरेशनची जागा, उपास सगळे मोठ्याने विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अशी यादीच दिली. ड्यूटी बदलताना मी ऐकलेले कन्नडमध्ये परत म्हणून दाखवते. सहकारी हसतात, पण थांबून ऐकतात.

न कळता मान न डोलावण्याची बुद्धी गणरायाने आपणा सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.